पाणी तोडावं की पानं? पुण्याच्या थंडीतले पानगळीचे बोन्साय

डिसेंबरात पहाटे पुण्याचा पारा १०-१२ अंशांवर येतो, आपण शाल शोधतो, आणि दुपारी तीच गच्ची २८-३० अंशांना तापलेली असते. कुंडीतल्या चिनी एल्मला, म्हणजे थंडीत पानं टाकणाऱ्या या झाडाला, यात काय करावं ते कळत नाही. चार पानं पिवळी, बाकीची हिरवी पण कळकट, आणि शेंड्याला एखादा वेडा फुटवा. ना धड पानगळ, ना धड वाढ. तुतीचं तेच, डाळिंबाचंही तेच.

बर्फाच्या देशातल्या माणसाला हिवाळ्यात कुंडीतली मुळं गोठण्याची काळजी. आपलं उलटं आहे, झाडाला झोप लागेल एवढी थंडीच पडत नाही. मग ती उसंत आपणच द्यायची. त्याचे दोन रस्ते: पाणी कमी करत नेऊन ताण द्यायचा, म्हणजे झाड आपण होऊन पानं टाकेल; किंवा पाणी चालू ठेवून पानं कात्रीने उतरवायची. मी तीन हिवाळे ताण दिला, त्यानंतरचे सगळे कात्री.

फ्रिजचा तिसरा रस्ताही आहे. झाड बोडकं करून, मुळं ओलसर ठेवून, २ ते ४ अंशांत सहा-आठ आठवडे. त्यासाठी वेगळा फ्रिज हवा, कारण सफरचंदासारख्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू झाडाच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या न फुटलेल्या कोंबांना, बाधतो. मॅपलसारखं थंड मुलखातलं झाड इथे वाढवायच्या हट्टाला पेटलेल्यांनी जरूर करावं. एल्म-तुतीचे एवढे लाड करायची गरज मला तरी वाटली नाही.

ताणाचं आकर्षण मला समजतं, मीही त्यालाच भुललो होतो. सांगोल्याकडचे डाळिंबवाले अंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा, धरताना नोव्हेंबर-डिसेंबरात बाग ताणावर सोडतात, मग छाटणी, जानेवारीत पहिलं पाणी, आणि बाग एकसारखी फुटते. जे एकरावर जमतं ते कुंडीत का जमू नये? खर्च नाही, पाठ दुखत नाही, आणि झाडाने आपलं आपण पान टाकलं याचं समाधान वेगळंच.

पण बागेतल्या डाळिंबाची मुळं चांगली खोल गेलेली असतात. भारी जमिनीत ताण बसायला महिना-दीड महिना लागतो. शेतकरी रोज बांधावरून पाहतो, अंदाज घेतो. माझ्या एल्मची कुंडी दोन इंच खोल, मिश्रणात निम्मा विटेचा चुरा. त्याचा महिन्याचा ताण दीड दिवसात बसतो. शिवाय बागायतदार नुसत्या ताणावर थांबत नाहीत, बरेचजण इथ्रेल हे पानं गाळणारं औषध फवारून पानगळ पुरी करून घेतात. हा भाग माझ्या फार उशिरा लक्षात आला.

तरी एवढ्यावरून मी ताण सोडला नसता. सोडला तो एका गोष्टीमुळे: गळणारं पान आणि वाळणारं पान पहिले एक-दोन दिवस अगदी सारखं दिसतं. दोन्ही मलूल, दोन्हींची चमक गेलेली. पान गळायचं तर देठाच्या बुडाशी झाडाला पेशींचा एक थर तयार करावा लागतो, आणि ते जिवंत झाडाचं काम आहे. पाणी हळूहळू आटलं तर तेवढी सवड मिळते. पान पिवळं पडतं, बोट लागलं की सुटतं. घाईने आटलं तर थर होतच नाही. पान कुरकुरीत होतं आणि फांदीलाच लटकून राहतं. ओढूनही सुटत नसेल तर बहुतेक वेळा मागची काडीसुद्धा गेलेली असते.

तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही दोन दिवस लग्नाला नगरला गेलो. निघताना एल्म मलूल होता, मला वाटलं छान चाललंय. आलो तेव्हा पश्चिमेच्या कठड्याकडची बाजू पापडासारखी. एकही पान खाली पडलेलं नाही. वरून भरपूर पाणी घातलं, तळाच्या भोकांतून आलं, मी निर्धास्त. पण मिश्रणातलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरत नाही. पाणी कडेकडेने निघून गेलं होतं आणि गड्डा आत कोरडाच होता. दुसऱ्या दिवशी कुंडी घमेल्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवली. झाड वाचलं, पण शेंडे खुडून खुडून चार वर्षांत जमवलेल्या त्या बाजूच्या बारीक काड्या गेल्या. बोन्सायमध्ये बारीक काड्या हीच तर कमाई.

कात्रीचं काम कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगतो. मध्यम एल्मला माझ्या दोन संध्याकाळी जातात. तुती लवकर होते, पण कापल्या जागी पांढरा चीक येतो आणि बोटं चिकट होतात. पान ओढायचं नाही. पात कापून देठाचा तुकडा ठेवायचा, त्याच्या बगलेतला डोळा शाबूत राहतो. पुढच्या काही दिवसांत देठ वाळून आपसूक गळतात. पाणी मात्र लगेच बेताचं करावं लागतं, कारण पानंच नाहीत तर झाड पिणार कशाने? पहिल्या वर्षी मी सवयीने रोज घालत राहिलो आणि तुतीची मुळं कुजता कुजता राहिली. तेव्हा कात्रीतही चूक होते. फक्त ती हळू होते, आणि हळू होणारी चूक मला दिसते.

आणखी एक फरक नजरेला पडतो. ताणात बाहेरच्या, उन्हाकडच्या फांद्या आधी रिकाम्या होतात आणि आतल्या हिरव्याच राहतात, मग फुटवाही मागेपुढे येतो. कात्रीने सगळं झाड एकाच दिवशी बोडकं होतं, आणि माझ्याकडे तरी दोन-तीन आठवड्यांत सगळीकडून बरोबरीने फुटतं. मधल्या काळात सांगाडा उघडा असतो, त्यामुळे छाटणी करणं आणि फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळणं निवांत जमतं. डोळे फुगायला लागले की कुंडी बदलायची तर तीही तेव्हाच, उन्हाच्या आत.

मी संक्रांतीच्या आठवडाभर आधी पानं उतरवतो. तोवर दोन-तीन आठवडे रात्री गार गेलेल्या असतात, आणि दिवाळीनंतर पेंड बंद केलेली असते. आजारी किंवा नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाला यातलं काहीच करू नका, एक वर्ष तसंच राहू दे. हेही कबूल करतो की कात्रीने खरी झोप लागत नाही, डुलकी फार तर. निफाडकडे कधीकधी पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, तिथल्या एल्मला आमच्यापेक्षा बरी विश्रांती मिळत असेल. वावळ, म्हणजे आपला देशी एल्म, लावली असेल तर ताण आणि कात्री दोन्ही विसरा. हिवाळा सरता सरता ती स्वतःच पानं टाकते, कोणी सांगावं लागत नाही.

आणि ताण अगदीच टाकाऊ असंही म्हणणार नाही. माझं एक डाळिंब वीतभर खोल कुंडीत, निव्वळ मातीत आहे. फुलांसाठी त्याला मी अजून ताणच देतो. गावाला जायचं नसेल तेव्हाच.