घशाच्या स्वॅबची टेस्ट, आमच्या घराजवळच्या लॅबमधला अनुभव

आधीच सांगते, लॅब छोटी आहे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि गाडी लावायला जागा तर अजिबात नाही. तरी लिहितेय कारण घसा दुखला की जो तो मेडिकलमधून ॲझिथ्रो या अँटिबायोटिकची स्ट्रिप घेऊन येतो, आणि घशातून स्वॅब घेऊन जंतू कुठलाय ते बघता येतं हे खूप जणांना माहीतच नसतं.

लेक नऊ वर्षांची. सोमवारी रात्री 102 ताप, थुंकी गिळताना पण रडायला लागली, सर्दी नाही खोकला नाही, मोबाईलची बॅटरी मारून बघितलं तर टॉन्सिल लालभडक आणि वर पांढरे ठिपके. आमचे डॉक्टर म्हणाले बहुतेक घसे व्हायरलच असतात, नाक वाहत असतं तर मी थांबा म्हटलं असतं, पण हे स्ट्रेपसारखं, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचं वाटतंय, तर औषध सुरू करायच्या आधी स्वॅब करून या. ते 'आधी' फार महत्त्वाचं आहे हां, एकदा अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्या टेस्टमध्ये, तो उगवेलच असं नाही.

मी लगेच का पळाले तर माझ्या आत्यामुळे. तिचा लहानपणी सारखा घसा धरायचा, मग आज हा गुडघा सुजला उद्या तो, आजीला वाटायचं पोर वाढतेय म्हणून दुखतंय. बाळंतपणात दम लागायला लागला तेव्हा कळलं की हृदयातला मायट्रल वॉल्व अरुंद झालाय. घशातल्या जंतूशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच हृदयावर उलटतं, आणि ते घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. तेव्हापासून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं 12 लाख युनिटचं इंजेक्शन, कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेल्या तारखा मी लहानपणापासून बघतेय.

तर लॅब. तिथल्या ताई एक नंबर! लेकीला आधी काडी हातात देऊन दाखवली, मग जीभ दाबून दोन्ही टॉन्सिलवरून आणि मागच्या भिंतीवरून फिरवली, जिभेला गालाला न लावता, तीन-चार सेकंदांत काम झालं. उलटीसारखं झालं तिला पण रडली नाही. दोन काड्या घेतल्या, एक रॅपिड किटसाठी आणि एक कल्चरसाठी. दोन बाटल्यांतले थेंब एका नळीत टाकले, काडी त्यात घोळवली, मिनिटभर थांबून पट्टी घातली आणि पाचेक मिनिटांत दुसरी रेघ उमटली. पॉझिटिव्ह.

मी ताईंना विचारलं हे थेंब नक्की करतात काय, तर म्हणाल्या जंतूच्या अंगावरची एक साखर सुटी करतात आणि पट्टी तीच पकडते. घरी येऊन वाचत बसले आणि रिबेका लान्सफिल्ड सापडल्या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये 1918 साली कामाला लागल्या, तेव्हा हे सगळे स्ट्रेप्टोकोकस एकसारखेच वाटायचे, माणसाला आजारी पाडणारा कुठला आणि दुधातला कुठला ते कळायचं नाही. यांनी जंतू पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करून ती साखर वेगळी काढली, सशांमध्ये तयार केलेल्या सिरममध्ये मिसळली की जुळणाऱ्या नळीत गढूळ व्हायचं, आणि त्यावरून 1933 मध्ये माणसं, जनावरं, दूध, चीज असं कुठकुठून आणलेले 106 नमुने ए पासून ई पर्यंत गटांत लावले. घसा धरणारा आणि वॉल्व खराब करणारा तो ए. गायींच्या सडाच्या आजारातला बी, तोच पुढे नवजात बाळांना धोकादायक निघाला. ऐंशी ओलांडल्यावरही बाई लॅबमध्ये जायच्या! लेकीच्या पट्टीवरची ती गुलाबी रेघ म्हणजे त्यांचाच गट ए, हे कळल्यावर मला खरंच भरून आलं.

कल्चरचा रिपोर्ट दोन दिवसांनी. ताईंनी ब्लड अगारची, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त मिसळलेल्या जेलीची प्लेट दाखवली, लाल थरावर बारीक ठिपके आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळून स्वच्छ झालेलं कडं. मागितलं नव्हतं तरी दाखवली, यासाठी वेगळे मार्क.

आता कमी काय ते पण सांगते. रॅपिड फक्त ए गट ओळखते, सी किंवा जी असला तर निगेटिव्हच दाखवणार. निगेटिव्ह आली तरी लहान मुलांत कल्चर करून घ्या कारण काही केसेस सुटतात. आणि काही मुलांच्या घशात हा जंतू नुसताच राहतो, त्रास व्हायरसचा असतो, म्हणून मुलाला डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नुसती टेस्ट करू नका. लॅबची तक्रार एकच, रिपोर्ट तयार असून फोन आला नाही, मीच दोनदा विचारलं. दोन्हीचे मिळून हजाराला थोडे कमी लागले. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

लेकीला दहा दिवसांचं अमॉक्सिसिलिन दिलंय, तिसऱ्या दिवशीच ती उड्या मारायला लागली तरी बाटली पूर्ण संपवतोय, आज सातवा दिवस. आत्या रोज रात्री फोन करून विचारते, डोस दिला का गं.