बेळगावच्या मुलांनी लोअर-हायर द्यावी की एलिमेंटरी-इंटरमिजिएट?

मूल सातवी-आठवीत पोचले, वहीच्या मागच्या पानांवर चित्रे दिसू लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हा प्रश्न निघतो. शाळा कर्नाटक बोर्डाची, माध्यम मराठी, मामा-आत्या कोल्हापूर-गडहिंग्लजला आणि पुढे काय करायचे ते अजून कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी चित्रकलेची कोणती ग्रेड परीक्षा धरावी, कर्नाटकची लोअर-हायर की महाराष्ट्राची एलिमेंटरी-इंटरमिजिएट, हे 'पुढे कुठे शिकायचे' यावरून ठरवा, 'कुठली सोपी' यावरून नको. धारवाड, म्हैसूर, बेंगळूरकडे जायचे असेल तर लोअर-हायर. कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे डोळा असेल तर एलिमेंटरी-इंटरमिजिएट. दोन्ही देण्याचा हट्ट बहुतेक मुलांच्या बाबतीत वेळ खातो, त्यापेक्षा एकच परीक्षा नीट तयारीने दिलेली बरी.

परीक्षा कुणाच्या आणि गुणांचे काय

लोअर आणि हायर या ड्रॉइंग ग्रेड परीक्षा कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यनिर्णय मंडळ घेते, म्हणजे एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) घेणारे तेच बोर्ड. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे इथल्या जुन्या हायस्कुलांत 'ग्रेड परीक्षा' हा शब्द आजोबांच्या पिढीपासून रुळलेला आहे आणि घरातले वडीलधारे 'इंटरमिजिएट दे' म्हणतात ते त्याच सवयीने.

सगळ्यात मोठा गैरसमज गुणांचा. महाराष्ट्रात इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात: ए ग्रेडला 7, बी ला 5, सी ला 3. हे गुण महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीचे आहेत, एसएसएलसीच्या गुणपत्रिकेत ते येत नाहीत. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मावसभावाला मिळाले म्हणून खानापूरच्या मुलीला मिळणार नाहीत. तेव्हा सीमाभागातल्या एसएसएलसीच्या मुलाने इंटरमिजिएट द्यायची ती हात तयार व्हावा म्हणून आणि पुढच्या प्रवेशाच्या तयारीसाठी. गुणांच्या आशेने दिली तर दहावीच्या निकालाच्या दिवशी उगाच हिरमोड होतो.

अर्जाचीही अडचण आधीच समजून घ्या. लोअर-हायरचा अर्ज तुमच्याच शाळेतून जाऊ शकतो, मुख्याध्यापकांना ती वाट माहीत असते. परिपत्रके मात्र कन्नडमध्ये निघतात. मराठी शाळेतल्या पालकांनी ती फलकावर लागायची वाट न पाहता ड्रॉइंगच्या सरांना जूनमध्येच विचारावे. एलिमेंटरीसाठी आपली शाळा अर्ज पाठवत नसेल, तर शिनोळी-चंदगड किंवा गडहिंग्लज भागातल्या शाळेत अगोदर चौकशी करा. ही परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, म्हणजे अर्जांची धावपळ पावसाळ्यातच असते. गणपतीत आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

इंटरमिजिएटला बसण्यासाठी एलिमेंटरी उत्तीर्ण असावे लागते. म्हणून सोयीचा क्रम आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट. दहावीचे वर्ष मोकळे राहते. नववीत पहिल्यांदा विचार सुरू केला तर इंटरमिजिएट दहावीच्या सहामाहीला येऊन भिडते. एसएसएलसीच्या मुलाने तसे करू नये.

पेपर उघडून पाहिले तर

एलिमेंटरी दोन दिवसांची. पहिल्या दिवशी वस्तुचित्र अडीच तास आणि स्मरणचित्र दोन तास. दुसऱ्या दिवशी संकल्पचित्र (म्हणजे नक्षी) अडीच तास, कर्तव्यभूमिती (म्हणजे कंपास-पट्टीने आकृत्या रचणे) व अक्षरलेखन दोन तास. इंटरमिजिएटला स्थिरचित्र तीन तास, स्मरणचित्र दोन, संकल्पचित्र तीन आणि शेवटच्या तीन तासांच्या पेपरात कर्तव्यभूमितीला घनभूमितीची जोड. लोअर-हायरलाही वस्तू पाहून काढणे, नक्षी बांधणे, कंपासने रचना करणे हाच पाया लागतो. म्हणून खालचा सराव दोन्हीकडे उपयोगी पडतो. मांडणी आणि वेळ मात्र त्या त्या बोर्डाच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवूनच बसवा.

वस्तुचित्रात मुले हरतात ती तांब्याच्या तोंडाशी. भांडे डोळ्याच्या पातळीखाली असेल तर त्याचे तोंड चपटे आणि बूड त्याहून अधिक गोलाकार दिसते, कारण बूड डोळ्यापासून जास्त खाली असते. मुले बूड सरळ रेघेने बंद करतात आणि भांडे हवेत तरंगते. दुसरी चूक म्हणजे तोंडाच्या लंबगोलाला दोन्ही बाजूंना टोक काढणे. तिथे वळणच असते, कोपरा नसतो. माप घ्यायचे तर हात ताठ, एक डोळा मिटलेला आणि पेन्सिलवर अंगठ्याने खूण. कोपर वाकले की प्रत्येक वेळी माप बदलते. रचना कागदाच्या साधारण दोन-तृतीयांश भागात बसावी. आपल्याकडची मुले कागदाच्या मधोमध मुठीएवढे चित्र काढतात आणि रंगाला जागाच उरत नाही. वर्गात दोन्ही बाजूंनी खिडक्या असल्या तर दोन सावल्या पडतात. गडद दिसते ती धरावी, दुसरी सोडून द्यावी. सरावासाठी काही विकत आणायला नको: खानापूरचे मातीचे मडके, पितळी तांब्या, एक कांदा, एक खोका, मागे घडी पडलेले धोतर. मडक्याचा खरबरीतपणा आणि पितळेची चमक शेजारी शेजारी काढली की छटांचा अभ्यास आपोआप होतो.

संकल्पचित्रात दिलेल्या आकारात नक्षी भरून पोस्टर रंगांनी रंगवायची असते. इथे रंग कुठला घ्यावा यापेक्षा तो किती पातळ करावा हे महत्त्वाचे. घट्ट ताकाइतका पातळ केलेला रंग सपाट बसतो. पाणी जास्त झाले तर पट्टे उमटतात, रंग जाड राहिला तर वाळल्यावर तडकतो. ओल्या रंगाशेजारी दुसरा रंग लावला की कडा मिसळतात. म्हणून एक रंग सगळीकडे लावून मग दुसरा घ्यायचा, तोवर पहिला वाळतो. गडद रंगावर फिका चढवायचे टाळा, खालचा रंग सुटून वर येतो. चार-पाच रंग पुरेत. अडीच तासांत वेळ अशी वाटून घ्यावी: कच्चे रेखाटन 25 मिनिटे, ट्रेसिंग पेपरने आकृतीची पुनरावृत्ती करून पक्की रेघ 25, रंग 80, उरलेली 20 मिनिटे कडा साफ करायला. कडा साफ करणे वगळणारी मुले फार. परीक्षकाच्या हाती शेकडो कागद जातात, त्यात डोळ्यांत आधी भरते ती कडांचीच सफाई.

नक्षीचे आकार छापील पुस्तकातून उचललेले असले की सगळ्या वर्गाचे कमळ एकसारखे दिसते. अथणी-निपाणीच्या चामड्याच्या चपलेवरची वेणी, इलकल लुगड्याच्या पदरावरचे टोक, गोकाकच्या लाकडी खेळण्यांचे ठळक रंग हे सगळे हाताशी आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात कोल्हापूरबरोबर बेळगाव जिल्हाही आहे, हे आपल्याकडच्या किती मुलांना माहीत असते कोण जाणे.

स्मरणचित्रात बाजार, जत्रा, शेत असे विषय येतात. चूक ठरलेली: सारी माणसे एका रांगेत, एकाच उंचीची, सगळी समोर तोंड करून. पुढचे माणूस मोठे काढा, त्याच्या मागे दुसरे अर्धे झाका, एक पाठमोरे ठेवा. मोठ्या माणसाची उंची सुमारे साडेसात डोक्यांची, लहान मुलाची पाच ते सहा डोक्यांची. एवढे लक्षात ठेवले तरी चित्र सुधारते. शनिवारच्या बाजाराला जाऊन 10 मिनिटांत तीन माणसे पेन्सिलने टिपायची, असे महिनाभर केले तर वेगळ्या शिकवणीची गरज उरत नाही.

भूमितीकडे मुले दुर्लक्ष करतात आणि तिथेच ग्रेड खाली येते. रचनेच्या रेघा 2एच पेन्सिलने फिक्या, उत्तराच्या रेघा एचबीने ठळक. रचनेच्या रेघा खोडायच्या नसतात. कंपासचा सांधा ढिला असला तर वर्तुळात पंचकोन बसवताना प्रत्येक टप्प्याला अर्धा मिलिमीटर सरकतो आणि पाचवी बाजू जुळत नाही. मुलाला वाटते रीत चुकली, चुकलेला असतो स्क्रू. घनभूमितीत आडव्या रेषेच्या वर समोरचे दृश्य आणि खाली वरून दिसणारे दृश्य ही जागा उलटी झाली की सगळा प्रश्न गेला. अक्षरलेखनात उंचीचे पाच समान भाग करून जाडी एका भागाची ठेवावी. दोन गोल अक्षरे थोडी जवळ, दोन उभ्या दांड्यांची अक्षरे थोडी दूर. मोजून सारखे अंतर ठेवले तर डोळ्याला ते विस्कळीतच दिसते.

सामान बेताचे लागते: एचबी, 2बी, 4बी, 2एच पेन्सिली, गोल ब्रश 2, 4, 8 क्रमांकांचे, एक चपटा ब्रश, पोस्टर रंगांच्या बाटल्या, जलरंग, दोन गुणिये, कागद लावायला अर्ध्या इम्पिरियल मापाचा फळा आणि चिमटे. नवा ब्रश परीक्षेच्या दिवशी उघडू नये, आठवडाभर आधी वापरात घ्यावा.

सीबीएसई आणि आयसीएसई

मूल आधीच केंद्रीय विद्यालयात किंवा सीबीएसई शाळेत असेल तर नववी-दहावीला पेंटिंग हा विषयच घेता येतो. त्यात 30 गुणांचा लेखी भाग आहे, बाकी प्रात्यक्षिक आणि कामाचा संग्रह. म्हणजे नुसता हात चालून भागत नाही, भारतीय कलेची थोडी ओळख लिहून द्यावी लागते. अकरावी-बारावीला तिथे पेंटिंग, ग्राफिक्स, शिल्प आणि उपयोजित कला असे वेगळे विषय आहेत, पण ते शिकवणारा शिक्षक शाळेत आहे का हे प्रवेशाआधी विचारावे. आयसीएसईत आर्ट तिसऱ्या गटात येते आणि त्या गटातून एकच विषय घ्यायचा असतो. आर्ट घेतले की कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स सोडावे लागते. डिझाइनकडे जाणाऱ्या मुलाला हा सौदा वाईट नाही, इंजिनिअरिंगचा विचार असेल तर घरात बोलून घ्यावे.

फक्त चित्रकलेसाठी मराठी शाळेतून मूल काढून सीबीएसईत घालणे मात्र आम्हाला पटत नाही. नववीत माध्यम बदलण्याचा ताण चित्रकलेच्या फायद्याहून मोठा असतो.

बारावीनंतरची दारे

महाराष्ट्रात बीएफए या कलेच्या पदवीच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे एमएएच-एएसी सीईटीत, वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे पेपर असतात. पहिल्या तिघांची नावे पाहा, ती एलिमेंटरीचीच. तेरा-चौदाव्या वर्षी केलेला सराव सतराव्या वर्षी कामाला येतो, आणि त्या बाजूला जाणाऱ्यांना इंटरमिजिएट घ्या म्हणण्याचे आमचे मुख्य कारण हेच.

सीमाभागासाठी एक तरतूद पालकांना बरेचदा माहीत नसते. वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांतील, तिथेच शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळ्या गटातून अर्ज करता येतो. त्यासाठी रहिवासाचा दाखला आणि मातृभाषेचे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागते. कुठल्या अभ्यासक्रमाला किती जागा आहेत ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. दाखल्याला वेळ लागतो, बारावीच्या परीक्षेनंतर धावू नये.

कर्नाटकात म्हैसूरची कावा (चामराजेंद्र दृश्यकला अकादमी) आणि बेंगळूरचे चित्रकला परिषत ही दृश्यकलेची नावाजलेली ठिकाणे. घरापासून धारवाड ऐंशी किलोमीटरच्या आत, कोल्हापूर सुमारे 110. हॉस्टेलचा खर्च जमेस धरणाऱ्या घराला हा फरकही मोजावा लागतो.

डिझाइनच्या राष्ट्रीय परीक्षांना, जसे यूसीड किंवा एनआयडी, कुठल्याच ग्रेड परीक्षेचे प्रमाणपत्र लागत नाही आणि बारावीची शाखाही कोणतीही चालते. यूसीडच्या 300 गुणांपैकी 100 हाताने काढायच्या भागाचे आहेत, बाकी संगणकावर निरीक्षण आणि तर्काचे प्रश्न. आर्किटेक्चरचे वेगळे: तिथे अकरावी-बारावीला गणित हवेच. 'चित्रकला चांगली आहे, आर्ट्सला घाला' असे म्हणून गणित सोडलेल्या मुलाला ते दार बंद होते, आणि हे दोन वर्षांनी कळते.

शाळेत ड्रॉइंगचे सर नसतील तर खासगी क्लास धरताना फलकावरच्या ए ग्रेडच्या याद्यांवर जाऊ नका. चालू वर्गात जाऊन पाहा, मुले समोर मांडलेली वस्तू पाहून काढतात की सरांच्या फळ्यावरचे चित्र उतरवतात. बेळगावात के. बी. कुलकर्णींसारख्या चित्रकाराकडे शिकून नामवंत चित्रकार रवी परांजपे घडले, आणि तिथे शिकायचे ते समोरचे पाहून. फळ्यावरून उतरवणारा वर्ग दिसला तर फी कितीही कमी असो, तिथे नाव घालू नये.