जळगावचं मशीन की घरची पिशवी? डायलिसिस ठरवण्याआधी

क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनी किती थकली हे सांगणारा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात, "आता डायलिसिसची तयारी ठेवा." त्या दिवसापासून घरात एकच चर्चा सुरू होते: जळगावला न्यायचं, धुळ्याला की थेट नाशिक? आमच्याकडेही हेच झालं. पण त्याआधीचा प्रश्न कोणीच विचारला नाही, की डायलिसिस कुठल्या प्रकारचं करायचं. रक्त मशीनमधून फिरवून करतात ते हिमोडायलिसिस, की पोटात पाणी भरून घरच्या घरी करतात ते सीएपीडी?

चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरी आबांनी अडीच वर्षं मशीनवर काढली. शहाद्याजवळच्या गावात राहणारी मोठी मावशी तीन वर्षांपासून घरीच पिशव्या लावते. दोन्हीकडे मी हाताने केलेलं आहे. ज्यांना येत्या महिन्या-दोन महिन्यांत ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मशीनचं. साधारण आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास. हातातली एक धमनी आणि एक शीर जोडून फिस्टुला करतात. मग ती शीर फुगते, जाड होते, आणि तिच्यात दोन सुया घालून रक्त मशीनकडे जातं, स्वच्छ होऊन परत येतं. फिस्टुला पिकायला 6 ते 8 आठवडे लागतात, कधी जास्तही. पिकलेल्या फिस्टुलावर हात ठेवला की विहिरीवरची मोटार चालू असताना पाइपावर हात ठेवल्यासारखी थरथर लागते. आई रोज सकाळी चहाआधी आबांच्या मनगटावर हात ठेवून बघायची. थरथर थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

कागदावर 4 तास दिसतात. आमच्या गावाहून पहाटे साडेचारला निघायचं, सहाच्या शिफ्टला नंबर लावायचा, सुया निघाल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून बसायचं, आणि तापीचा पूल ओलांडून घरी यायला दुपारचे दोन. असे आठवड्यातले 3 दिवस, आणि प्रत्येक वेळी सोबत एक माणूस. ज्या दिवशी अंगातलं पाणी जास्त ओढलं जायचं त्या दिवशी बीपी पडायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि आबा संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दुसऱ्या दिवशी मात्र माणूस ताजा. त्या एका ताज्या दिवसासाठी ते सगळं करत होते.

एसटीच्या साध्या बसमध्ये डायलिसिसच्या रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. ती घ्या, दाखल्याचं डेपोत विचारा. पण पहाटेच्या वेळी आणि परतताना गळून गेलेलं माणूस बसमध्ये बसवताना सवलतीने सगळं भागत नाही, हे खरं.

आता पोटातलं. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी कायमची बसवतात. जखम भरायला साधारण दोन आठवडे देतात आणि तेवढ्यात घरच्यांचं शिक्षणही होतं. मग 2 लिटर पाण्याची पिशवी उंच टांगून पोटात सोडायची. ते पाणी 4 ते 6 तास आत राहतं, पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्तातली घाण त्यात उतरते, मग ते काढून नवं भरायचं. दिवसातून 3 ते 4 वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. सुई नाही, मशीन नाही, वीज नाही. लोडशेडिंगमध्ये मावशीचं काही अडत नाही. (रात्री झोपेत आपोआप पाणी बदलणारं सायकलर यंत्रही मिळतं. त्याला वीज लागते, त्यामुळे आपल्याकडच्या गावांत ते घेताना दहादा विचार करा.)

मावशीची खोली मी डोळ्यांसमोर आणू शकतो. पलंगाखाली आणि कपाटाशेजारी पिशव्यांचे खोके, कारण दिवसाला 3 धरल्या तरी महिन्याला 90 पिशव्या होतात. भिंतीला खिळा, त्यावर टांगलेली पिशवी. मावसभाऊ कोपरापर्यंत साबणाने हात धुतो, तोंडाला मास्क, दार बंद, पंखा बंद. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना पंखा बंद करून अर्धा तास घामाने निथळत बसायचं आणि तरी एक थेंब नळीच्या तोंडावर पडू द्यायचा नाही. पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी मावशी जुन्या कालनिर्णयाच्या पानावर ठेवते. खालच्या तारखा स्वच्छ वाचता आल्या तर सगळं ठीक. अक्षरं धुरकट दिसली तर पाणी गढूळ आहे, म्हणजे पोटात जंतू शिरले आहेत. याला पेरिटोनायटिस म्हणतात, आणि सीएपीडीतली खरी भीती हीच. तीन वर्षांत मावशीला एकदा झालं. पाहुणे आलेले, घाईत हात नीट धुतले गेले नाहीत. ती पिशवी न फेकता सोबत घेऊन त्याच रात्री दवाखाना गाठला, औषधं सुरू झाली आणि नळी वाचली. दोन दिवस वाट बघितली असती तर नळी काढावी लागली असती.

म्हणून माझं मत असं झालंय: या निवडीत घर ते दवाखाना किती किलोमीटर आणि घरात नीटनेटक्या हातांचं माणूस आहे का, या दोन गोष्टींना बाकी सगळ्यापेक्षा जास्त वजन द्या. "मशीनवरचं डायलिसिस पॉवरफुल, पोटातलं कमजोर" असं गावात सर्रास ऐकू येतं. तसं नाहीये. हाँगकाँगमध्ये 1985 पासून सरकारी दवाखान्यांत बहुतेकांना आधी पोटातलंच डायलिसिस देतात. आपल्या केंद्र सरकारनेही 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला तो मशीनवरच्या डायलिसिससाठी, पण 2019 मध्ये त्यात पोटातल्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना आणल्या. किडनीतून अजून थोडीफार होत असलेली लघवीही पोटातल्या डायलिसिसमध्ये सुरुवातीची काही वर्षं जास्त टिकते. हा फायदा लहान नाही.

जेवणाचा फरक आपल्या भागात फार जाणवतो. आबांची स्वतःची केळीची बाग, घड ट्रकमध्ये भरले जायचे, आणि त्यांना एक केळं खायची चोरी. केळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि मशीनवर दोन डायलिसिसमधल्या काळात ते अंगात साचत जातं, आणि ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. पाण्याचंही तेच: लघवी जेवढी होते त्यात साधारण अर्धा लिटर मिळवायचं, तेवढंच दिवसभराचं पाणी, तेही चहा, वरण, ताक सगळं धरून. एप्रिल-मेमध्ये आबा म्हणायचे, "माले तहान लागनी रे," आणि मी बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायचो. त्या एका वाक्याने मला जेवढं रडवलं तेवढं सुयांनी नाही रडवलं. मावशीचं डायलिसिस रोज, दिवसभर चालू असतं, त्यामुळे पोटॅशियमचं बंधन बरंच सैल. डॉक्टरांना विचारून ती अर्धं केळं खाते. तिची अडचण वेगळी आहे. पिशवीच्या पाण्यात साखर असते आणि ती अंगात शोषली जाते, म्हणून मधुमेहींना इन्सुलिन वाढवावं लागू शकतं. शिवाय पोटातल्या पाण्यावाटे प्रथिनं निघून जातात. अंडी, डाळ, पनीर खायलाच हवं. जो माणूस भाकरी आणि ठेच्यावर दिवस काढतो त्याला हे डायलिसिस हळूहळू अशक्त करतं.

पोटातलं कोणाला जमत नाही? पोटाची मोठी किंवा बरीच ऑपरेशनं झालेल्यांना, मोठा हर्निया असलेल्यांना, आणि ज्यांची नजर-हात साथ देत नाहीत व घरी मदतीला कोणी नाही त्यांना. पोटाच्या आतला पडदा काही वर्षांनी थकतोही, मग मशीनकडे जावं लागतं.

मशीन ठरवलंत तर केंद्र निवडताना एसी आणि टीव्ही बघू नका. एका डायलिसिसमध्ये सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी रुग्णाच्या रक्ताला, फक्त एक पातळ पडदा मध्ये ठेवून, लागून जातं. त्यामुळे आरओ प्लांटच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली हे विचारा. हेपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) असलेल्यांसाठी मशीन वेगळं आहे का? रक्त गाळणारा फिल्टर पुन्हा वापरत असतील तर त्यावर तुमच्या माणसाचं नाव ठळक लिहिलंय का? तंत्रज्ञ एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे बदलतो का, हे तर उभं राहून डोळ्यांनी बघता येतं. एका केंद्रात ते बदलले जात नव्हते. मी विचारलं तर "इतकं काही होत नाही" असं उत्तर मिळालं. पुढच्याच आठवड्यात आम्ही केंद्र बदललं, आणि त्यासाठी 15 किलोमीटर जास्त जात राहिलो. अजून एक: एसीत थंडी वाजते म्हणून पेशंट हातावर चादर ओढतात. फिस्टुलाचा हात कधीच झाकू द्यायचा नाही. सुई निसटली तर चादरीखाली रक्त वाहत राहतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, जी 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या 8 जिल्ह्यांत आपलं धुळं होतं, तिच्यात अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयात मशीनवरचं डायलिसिस मोफत होतं. आबांचं तसंच झालं. मावशीच्या पिशव्यांना महिन्याला पंचवीस हजारांच्या घरात पैसे जातात, आणि तिकडे गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाची मजुरी वाचते. पिशव्यांसाठी तुमच्या जिल्ह्यात काय मदत मिळते ते आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) तोंडी न विचारता लेखी विचारा.

घरात किडनी देणारं कोणी असेल तर दोन्हीपेक्षा प्रत्यारोपण चांगलं, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

मला आज पुन्हा ठरवायला सांगितलं तर? धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावात राहणाऱ्याला, घरात एक शांत डोक्याचं माणूस असेल तर मी पोटातलं सुचवीन. जळगाव, धुळं, नंदुरबार, भुसावळ शहरात राहणाऱ्या, घरी एकट्या असणाऱ्या माणसाला मशीन. आबांसाठी मी पोटातलं निवडलं असतं. आम्हाला निवडायला वेळच उरला नव्हता. "एकदा लावलं की सुटत नाही" या भीतीने आम्ही चार महिने किडनी साफ करणाऱ्या पुड्या देत राहिलो, आणि एका रात्री धाप लागल्यावर मानेत नळी घालून डायलिसिस सुरू करावं लागलं. मानेच्या नळीला जंतुसंसर्गाचा धोका फिस्टुलापेक्षा कितीतरी जास्त.

तुमचं अजून ठरत नसेल तरी दोन कामं आजच करता येतात. हेपॅटायटिस बीच्या लसीचं डॉक्टरांना विचारा, कारण किडनी जितकी खराब होत जाते तितकी लस कमी लागू पडते. आणि ज्या हाताने जेवत-लिहीत नाही तो हात राखून ठेवा. रक्त काढायला, सलाइन लावायला कोणी आलं की सांगा, या हाताच्या मनगटाच्या वर सुई नको, तळहाताच्या मागच्या शिरेतून घ्या. आबांच्या डाव्या हाताच्या शिरा सलाइन लावून लावून आधीच बसल्या होत्या, म्हणून त्यांचा पहिला फिस्टुला चाललाच नाही.