सीटखालचा सहा फ्यूजचा डबा: डबा घ्या, सोबतची वायर नको

मोटारसायकलच्या सीटखाली बसवायचा, बॅटरीची वीज सहा फ्यूजमधून वेगवेगळ्या उपकरणांना वाटून देणारा हा डबा चांगला आहे. त्याच्यासोबत पिशवीतून आलेली वायर आणि फ्यूज मात्र दुकानाच्या पायरीवरच सोडून आलात तरी काही बिघडत नाही. घाईत असाल तर एवढंच वाचून निघा. पुढचं त्यांच्यासाठी, ज्यांना गाडीवर फॉग लाइट, मोबाइल चार्जर, जोडी हॉर्न असं एकेक करत सगळंच चढवायचंय.

माझं काम भोसरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं. दिवसभर लग, फेरूल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपणं) आणि ती दाबून बसवायची क्रिंपिंगची पक्कड. त्यामुळे लोकांच्या गाडीची सीट उघडली की माझं डोकं फिरतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हला एकाच स्क्रूखाली तीन-चार थिंबलं (म्हणजे लगच), त्यात एखादी नुसतीच पिळून अडकवलेली तार, वरून काळी टेप आणि टेपेचा डिंक उन्हाने पाघळलेला. फ्यूज कुठे विचारलं तर बोट हँडलकडे जातं, लाइटच्या जवळ. म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर टाकीखालून, फ्रेमला घासत, विनाफ्यूज. मधेच कुठे साल निघाली तर तो पुढचा फ्यूज बिचारा काय करणार? त्याच्यापर्यंत करंट पोचतच नाही.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, ४११ सीसीची. एकच सिलिंडर, त्यामुळे थरथर भरपूर. वायरिंगची परीक्षा घ्यायला याहून चांगली गाडी नाही. डबा घेतला पुण्याच्या नाना पेठेतून, सहाशे पन्नासला. सांगितले होते आठशे. नाव-गाव काही नाही, खोक्यावर नुसता फोटो आणि '१२ व्होल्ट'. काळा बेस, सहा फ्यूजच्या खाचा, बाजूला निगेटिव्हची पितळी पट्टी आणि वर पारदर्शक झाकण. दुकानदार म्हणाला, "एक पॉझिटिव्ह द्या, एक निगेटिव्ह द्या, झालं साहेब. लावा नि विसरा." विसरायची गोष्ट नंतर. आधी सोबतचं सामान.

पिशवीत लाल-काळ्या वायरींची भेंडोळी होती. हाताला जाड लागते, पण जाडी सगळी प्लास्टिकची. टोक सोललं आणि तारेवर ब्लेडचं पातं हलकेच ओढलं. तांबूस रंग खरवडून निघाला आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. वर तांब्याचा नुसता मुलामा. अशी तार तांब्यापेक्षा जास्त तापते, स्क्रूखाली दबून सैल होते आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. मोटारसायकलवर हे तिन्ही गुण रोज लागतात.

फ्यूजची गोष्ट याहून वाईट. कारखान्यातल्या डीसी सप्लायवर त्यातला लाल फ्यूज लावला. लाल म्हणजे १० अँपिअर. त्यातून २० सोडले. धड बनावटीचा ब्लेड फ्यूज दुप्पट करंटला ५ सेकंदांच्या आत उडायलाच हवा. हा ढिम्म. मिनिटभरात प्लास्टिक मऊ पडून एका बाजूला कललं, वास सुटला आणि आतली पट्टी तशीच्या तशी. असा फ्यूज असण्यापेक्षा नसलेला बरा, निदान आपण बेसावध राहत नाही. नावाजलेल्या कंपनीचे फ्यूज त्याच बाजारात दहा-पंधरा रुपयांना एक मिळतात. तिथे कंजुषी करू नका. आणि उलटंही लक्षात असू द्या: १० चा चांगला फ्यूज ११ अँपिअरला उडत नाही, तासन्‌तास चालतो. तो तसाच बनवलेला असतो, त्यात काही खोट नाही.

एवढ्या शिव्या घालून डबा चांगला का म्हणतोय? कारण डब्याचं स्वतःचं काम नेटकं आहे. फ्यूजच्या पट्ट्या घट्ट पकडतात, काढताना चिमटा लागतो. स्क्रू बऱ्यापैकी खोल जातात. आणि ती निगेटिव्हची पट्टी, एकट्या तिच्यासाठीही मी सहाशे पन्नास दिले असते. आपल्याकडे पॉझिटिव्हची काळजी सगळे घेतात आणि निगेटिव्ह म्हटलं की फ्रेमचा कुठलातरी रंगवलेला बोल्ट गाठतात. रंगावर कसली अर्थिंग येणार! मग लाइट मंद, चार्जर चालू-बंद, आणि दोष लाइटला. इथे सहाही निगेटिव्ह एका पट्टीवर येतात आणि तिथून एकच जाड वायर थेट बॅटरीला. ती पॉझिटिव्हच्याच जाडीची हवी. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो.

डब्याला प्रत्येक फ्यूजपाशी एक लाल एलईडी आहे. फ्यूज उडाला की पेटतो असं दुकानदार म्हणाला. खरं आहे, पण अर्धंच. फॉग लाइटचं बटण चालू ठेवून त्याचा फ्यूज उपसला, लाल दिवा लागला. बटण बंद केलं, दिवा गेला, फ्यूज अजून माझ्या हातात. एलईडी फ्यूजला समांतर जोडलेला असतो, त्याला वाट मिळते ती पुढच्या उपकरणातून. उपकरण बंद असेल तर वाटच बंद. तेव्हा रात्री भोर-वरंधाकडे कुठे अडकलात आणि एकही दिवा लाल नाही, तर सगळे फ्यूज शाबूत आहेत असं समजू नका. बटणं चालू करून मग बघा.

आता खरी उणीव. डब्यात रिले नाही, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे जोडला तर सहाही सर्किटं चोवीस तास चालू. पार्किंगमध्ये कुणी पोराने फॉग लाइटचं बटण दाबलं की सकाळी सेल्फ मारताना नुसतं टक-टक. म्हणून बाहेरून चार पायांचा साधा रिले घ्यावा लागतो, सॉकेटसकट दीड-दोनशे रुपये. ३० नंबरच्या पायाला बॅटरीकडून आलेली जाड वायर, ८७ वरून डब्याला. ८६ ला चावीवर चालू होणारी वायर, ८५ निगेटिव्हला. चावीवरची वायर मी मागच्या टेल लॅम्पची घेतली. तिच्यावर भार पडेल अशी भीती नको, रिलेची कॉइल (त्याचा स्विच ओढणारं वेटोळं) जेमतेम दीडशे मिलीअँपिअर खाते. इंजेक्शनच्या किंवा ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरीला मात्र हात लावू नका, आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीची वायरिंगची जुडी, कापूही नका. कॉइलवर एक डायोड (एकाच दिशेने करंट सोडणारा) उलटा टाकलात तर रिले सुटतानाचा झटका बाकी इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत जात नाही. १एन४००७ नंबर सांगा, पासोड्या विठोबापाशी कुठल्याही दुकानात सुट्ट्या पैशांत मिळतो.

तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेच्या फ्यूजब्लॉक्स कंपनीचा एफझेड-१ हा डबा मी एका मित्राच्या गाडीवर बसवलाय. त्यातही सहा सर्किटं, पण रिले आतच, आणि फ्यूज एका खाचेतून दुसरीत सरकवला की तेच सर्किट कायम चालू किंवा चावीवर होतं. देखणं काम आहे. पण मागवण्याचा खर्च धरून तो आपल्या डब्याच्या कितीतरी पट जातो. आपल्या डब्यात ही सोय नाही, रिले लावला की सहाही चावीवर. जीपीएस ट्रॅकरसारखं कायम चालू लागणारं काही असेल तर त्याला बॅटरीवरून वेगळी लाइन आणि तिचा वेगळा छोटा फ्यूज. त्याआधी हिशेब करा. २० मिलीअँपिअर खाणारा ट्रॅकर दिवसाला अर्धा अँपिअर-अवर खातो. माझी बॅटरी ८ ची. आठवडाभर गाडी उभी राहिली तर जवळजवळ निम्मी रिकामी.

वायरीसाठी मी तापकीर गल्लीत गेलो. फिनोलेक्सची तांब्याची फ्लेक्झिबल, मेन लाइनला २.५ स्क्वेअर एमएम, फांद्यांना १. इंजिनजवळून जाणाऱ्या भागाला वरून काचतंतूची स्लीव्ह. मेन फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत, २० चा पिवळा. सगळे जोड क्रिंप केलेले, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). सोल्डर नाही. सोल्डर तारेत वर चढतो, तिथे तार कडक होते आणि थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते. आमच्या पॅनेलमध्ये थरथर नसते तरी आम्ही क्रिंपच करतो.

कुठे किती अँपिअरचा फ्यूज घालायचा, यावर लोक फार गोंधळतात. विचारतात, "लाइटला कितीचा फ्यूज?" प्रश्नच उलटा आहे. फ्यूज लाइटला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. लाइटचं जे व्हायचं ते होऊन जातं, नंतर वायर पेटू नये म्हणून फ्यूज. म्हणून वायर जेवढं सुखाने सोसते त्याच्या आतला फ्यूज, आणि उपकरणाच्या भुकेच्या थोडा वर. माझे फॉग लाइट २० वॅटचे दोन. चाळीस भागिले बारा, सव्वातीन अँपिअर. ५ चा फ्यूज. चार्जरला ३ चा जांभळा. जोडी हॉर्न दोन्ही मिळून आठ-नऊ खातात, त्याला १५ चा निळा, त्याची वायर जाड घेतली आणि हॉर्नच्या बटणावर भार नको म्हणून त्याचा वेगळा रिले. चौथ्या खाचेवर हवा भरायच्या पंपाचं सॉकेट, १० चा लाल. उरलेल्या दोन रिकाम्या. पिवळ्या मेनवर हे सगळं एकदम चालवायचं नाही हे उघड आहे. पंप चालू असताना हॉर्न कोण वाजवतंय!

आणि हे सगळं लावलं तरी वीज डबा बनवत नाही, इंजिनच बनवतं. मल्टिमीटर बॅटरीला लावून बघा. गाडी थांबलेली, रात्रभर विसावलेली असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. आयडलला, म्हणजे रेस न देता, फॉग लाइट, चार्जर सगळं चालू ठेवून माझ्याकडे १३.२ येतं, तीन हजार आरपीएमला १४ च्या वर. आयडलला सगळं चालू असताना आकडा १२.८ च्या खाली गेला तर समजा बॅटरी भरत नाही, रिकामी होतेय. नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये फॉग लाइट लावून उभे राहणाऱ्यांनी हे जरूर मोजावं. समोरच्याच्या डोळ्यांचं तर काही बोलायलाच नको.

पावसाचं: खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय. झाकणाखाली जी फोमची पट्टी आहे ती जुन्या चपलेच्या सोलइतकी निर्जीव आहे. पावसाळ्यात ताम्हिणी उतरून आल्यावर उघडला तेव्हा झाकणातून पाणी आलं नव्हतं, आलं होतं वायरीवरून ओघळत, आणि एका स्क्रूवर हिरवट-पांढरी बुरशी धरायला लागली होती. डबा फिरवून वायरींची तोंडं खाली केली, प्रत्येक वायरीला डब्याच्या खाली एक वळसा दिला म्हणजे थेंब तिथेच गळतो, आणि स्क्रूंवर सिलिकॉन ग्रीस. त्यानंतर आत कोरडं ठणठणीत आहे. वॉशिंग सेंटरवाल्याला मात्र प्रेशर पंप सीटखाली मारू देऊ नका, तो पावसापेक्षा वाईट.

झाकणाची कडी नाजूक आहे. थंडीत, कडक झालेली असताना, नखाने उचकटली तर तुटेल असं वाटतं. अजून तुटलेली नाही. सुटं झाकण मिळत नाही, विचारून आलो.

सगळा खर्च धरला तर डबा, रिले, मेन फ्यूज होल्डर, वायरी, लग, ग्रीस मिळून दीड हजाराच्या थोडं वर. स्वतः करायला अर्धा रविवार जातो. नाना पेठेतला ॲक्सेसरीवाला बसवून देतो, मजुरी पाचशे-सातशे सांगेल. त्याच्याकडून करून घ्यायचं तर वायर आणि फ्यूज तुम्ही घेऊन जा, आणि तो काम करताना चहाला जाऊ नका. मेन फ्यूज तो हटकून लावणार नाही, "डब्यात आहेत की सहा" म्हणेल. डब्यातले सहा डब्याच्या पुढच्या वायरीसाठी आहेत, बॅटरी ते डबा या तुकड्याला कुणीच नाही, एवढं ठामपणे सांगा आणि लावूनच घ्या. सीटखाली झाकणाला आतून एक कागद चिकटवा: कुठली खाच कशाची, किती अँपिअरची. दोन-दोन जादा फ्यूज त्याच कागदाशेजारी ठेवा. नाहीतर रात्री ढाब्यावर कुणीतरी मदतीला येतो, उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देतो, आणि गाडी चालू होते म्हणून आपण त्याचे आभारही मानतो.

डब्याला पाचपैकी साडेतीन. रिले आत असता तर साडेचार दिले असते. सोबतच्या फ्यूजला शून्य.