प्रशिक्षण उत्तम, गॅलरी तापदायक: नागपुरातील एक बॅडमिंटन अकादमी

पश्चिम नागपुरातील ज्या अकादमीत माझी अकरा वर्षांची मुलगी खेळते, तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण तिच्यातील दोष शहरातल्या आणखी काही केंद्रांतही दिसतो.

प्रशिक्षणाला नावे ठेवायला जागा नाही. नव्या मुलांना स्मॅशची घाई करू दिली जात नाही. पकड आणि फुटवर्क पक्के होईपर्यंत प्रशिक्षक एकामागून एक शटल टाकत नेटजवळची तीच हालचाल करवून घेतात, आणि चूक झाली की आवाज न चढवता थांबवून दाखवतात. कोर्टवरचे मॅट चांगले आहे, प्रकाश डोळ्यांवर येत नाही. फी नागपूरच्या मानाने जास्तच आहे, पण ती वसूल होते.

अडचण सुरू होते ती शनिवारी, अंतर्गत सामन्यांच्या वेळी. निकालांनुसार मुलांचा क्रम दाराशेजारच्या फळ्यावर लिहिला जातो आणि मुलांच्या आधी पालकच तो वाचतात. गेममध्ये ११ गुणांवर ६० सेकंदांची विश्रांती असते, ती प्रशिक्षकाने दोन शब्द सांगण्यासाठी असते, पण येथे तेवढ्यात गॅलरीतून "काय खेळून राहिला बे!" असा आवाज येतो आणि मूल प्रशिक्षकाकडे न पाहता वर पाहते. एकाच व्हॅनने येणाऱ्या दोन मैत्रिणींनी एकमेकींशी बोलणे सोडल्याचे मी पाहिले आहे. त्यांच्या आयांनी ते त्याआधीच सोडले होते. दुसऱ्याच्या मुलाने बाहेर खासगी शिकवणी लावली आहे का, याची चौकशी करणारे पालक तर नेहमीचेच.

या ईर्ष्येला कारणे नाहीत असे नाही. नागपूरचीच बॅडमिंटनपटू असलेल्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये साईना नेहवालला हरवले, तेव्हापासून नागपूरच्या घराघरांत हे स्वप्न आवाक्यातले वाटू लागले. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे क्रीडा गुण आणि राज्याच्या शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण, हा हिशेब मूल दहा वर्षांचे असतानाच मांडला जातो. माझी हरकत अकादमीने या हिशेबावर आपला धंदा बेतण्याला आहे. 'विशेष तुकडी'त सकाळ-संध्याकाळ मिळून रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १८ तास सराव होतो. आठवड्यातील सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत, असा क्रीडावैद्यकातील सर्वसाधारण सल्ला आहे. वाढीच्या वयात त्याहून अधिक भार पडला की दुखापतींचा धोका वाढतो. तरीही या तुकडीत मुलाला घालण्यासाठी पालकच रांग लावतात आणि व्यवस्थापन त्यांना अडवत नाही.

काही पालकांनी लेखी विनंती केल्यावर मुख्य प्रशिक्षकांनी सोमवार ते शुक्रवार गॅलरी बंद केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. त्या दिवसांत मुले हसतात, हरलेला खेळाडू जिंकलेल्याबरोबरच पाणी प्यायला जातो. शनिवारचा फळा मात्र अजून तसाच आहे.

साधारण तुकडीसाठी मी ही अकादमी निःसंकोच सुचवेन. विशेष तुकडीसाठी तेरा वर्षांखालील मुलांना पाठवू नये. प्रवेशापूर्वी एखाद्या शनिवारी पालकांनी स्वतः गॅलरीत तासभर बसून पाहावे.