सामाईक जंगल कोणी राखायचं: हार्डिन की ऑस्ट्रॉम?

माणूस निर्णय कसा घेतो याबद्दल सरकार जे गृहीत धरतं, त्यावरून जंगलाला कुंपण पडतं की ग्रामसभेला हक्क मिळतो, हे ठरतं.

अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात मांडलेला युक्तिवाद सोपा आहे. सामाईक कुरणात आणखी एक जनावर सोडलं तर फायदा माझ्या एकट्याचा, झीज मात्र सगळ्यांची. म्हणून प्रत्येक जण जनावरं वाढवतो आणि कुरण उजाड होतं. धोरणकर्त्यांनी यातून दोनच वाटा काढल्या: सरकारी ताबा किंवा खासगी मालकी.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी खऱ्या गावांचा अभ्यास केला. हार्डिन यांचे गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत; खरे गावकरी बोलतात, नियम करतात, नजर ठेवतात, दंडही करतात. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा 1517 सालचा नियम बघा: हिवाळाभर जितक्या गायी पोसता येतील, तितक्याच डोंगरावरच्या कुरणात न्यायच्या. हिशेब तपासणं सोपं, गोठा सगळ्यांना दिसतो! ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेनेच बांबू विकला.

खोल समुद्रातली मासेमारी किंवा हवेतला कार्बन, जिथे वापरणारे एकमेकांना ओळखतही नाहीत, तिथे हार्डिन यांचा इशारा मला पटतो. पण गाव पिढ्यानपिढ्या जंगलालगत राहत असेल, तर मी ठामपणे ऑस्ट्रॉम यांच्या बाजूने आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेवर हाच विश्वास टाकला आहे.