गॅरंटी, वॉरंटी आणि बैलाचं जू : आठ महिने शब्दकोश वापरल्यावर

ठाण्यात नौपाड्याला माझी छोटी शिकवणी आहे. मराठी माध्यमाची नववी-दहावीची मुलं, विषय इंग्रजी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा ठरवलं, यंदा शब्दार्थ घोकून घ्यायचे नाहीत. शब्द कुठून आला, त्याचे भाऊबंद कोण, हे आधी सांगायचं. अर्थ त्यातूनच काढायचा. त्यासाठी एटिमॉनलाइन, मेरियम-वेबस्टर आणि ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश असे तीन कोश रोज उघडले. तिन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आता जानेवारी संपत आला, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त वापरलं ते एटिमॉनलाइन. डग्लस हार्पर यांनी उभारलेला हा कोश केवळ व्युत्पत्तीला वाहिलेला आहे. एका शब्दावरून त्याच्या मूळ धातूवर जाता येतं आणि तिथे त्या धातूतून निघालेलं अख्खं कूळ एका ठिकाणी मांडलेलं असतं. दिव्याहून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, "बाई, दिवा जंक्शन म्हणजे मोठं स्टेशन ना?" मी म्हटलं, बघू या. मूळ निघालं 'जोडणे'. त्याच कुळात जॉइन, व्याकरणातलं कन्जंक्शन (आपलं उभयान्वयी अव्यय), सब्जुगेट, योक, झायगोट आणि संस्कृतातून इंग्रजीत गेलेला योग. संस्कृतातला 'युज्' याच घरचा. म्हणजे जंक्शन हे आकाराने मोठं असो नसो, तिथे मार्ग जोडले जातात, हे महत्त्वाचं.

एवढ्यावर वर्ग थांबला नाही. योक म्हणजे काय, हे मी फळ्यावर काढायला लागले तर मुरबाडला आजोळ असलेली एक मुलगी म्हणाली, "हे तर जू, बाई. आजोबा बैलांच्या मानेवर ठेवतात ते." बरोबर होतं तिचं. आपलं 'जू' संस्कृत 'युग'वरून आलं आणि इंग्रजीतलं योक त्याचंच लांबचं भावंड. सब्जुगेट म्हणजे लॅटिनमध्ये शब्दशः 'जोखडाखाली आणणे', आणि गुलामीचं जोखड आपणही म्हणतोच. झायगोटला विज्ञानाच्या पुस्तकात युग्मनज म्हणतात, त्यातल्या 'युग्म'चा धातूही हाच. एका तासात इंग्रजी, विज्ञान आणि मराठी व्याकरणातलं उभयान्वयी अव्यय एकाच दोरीत ओवलं गेलं. त्या दिवशीचे शब्द मुलांना आजही न विचारता सांगता येतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं चीज त्या तासाला झालं.

पण या कोशावर विसंबून इंग्रजी शिकवता येत नाही, कारण तो त्यासाठी केलेलाच नाही. शब्द वाक्यात कसा बसतो, त्याच्यापुढे कोणतं शब्दयोगी येतं, उच्चार कसा, यासाठी ऑक्सफर्डचाच कोश हवा. सोपी व्याख्या, उदाहरणाची वाक्यं, ऐकायला उच्चार. व्युत्पत्तीही असते, पण दोन-तीन ओळींत.

मेरियम-वेबस्टर वापरताना एक गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं. त्यांच्या मुख्य कोशात अर्थ इतिहासाच्या क्रमाने लावतात, सर्वांत जुना आधी. आपली मुलं पहिला अर्थ वहीत उतरवून मोकळी होतात, आणि तो कधीकधी आज फारसा चालत नसलेला असतो. मला हे कळायला दिवाळी उजाडली. मात्र शब्द प्रथम केव्हा वापरलेला सापडतो हे ते देतात, त्याचा मला फार उपयोग होतो. वॉरंटी चौदाव्या शतकातली, गॅरंटी सतराव्या. मूळ एकच, जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या घराण्यातल्या त्यातलं. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या, म्हणजे नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमध्ये सुरुवातीचा 'व' टिकला, पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्याचा 'ग' झाला. 1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडात आले आणि त्यांच्याबरोबर 'व'वाले शब्द आले, 'ग'वाले मागाहून. म्हणून इंग्रजीत वॉर्डन आहे आणि गार्डियनही. फ्रिज घेताना दुकानदार "गॅरंटी नाही, वॉरंटी आहे" म्हणतो तेव्हा तो एकाच घरातल्या दोघांत फरक करत असतो. मूळ एक असलं तरी आजचा अर्थ वेगळा असू शकतो, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नाही.

आता तक्रार. सुरुवातीला मी वर्षाचे पैसे भरून एक ॲप घेतलं होतं. त्यात 'आयलंड' हा शब्द 'आइल' आणि 'लँड' मिळून झाला, असं छातीठोक दिलं होतं. मी तसंच शिकवलं. पुढच्या आठवड्यात पेनिन्सुला, म्हणजे द्वीपकल्प, बघताना दुसरे कोश उघडले आणि पोटात गोळाच आला. आयलंड हा जुन्या इंग्रजीतला स्वतंत्र शब्द, त्याच्या स्पेलिंगमध्ये 'एस' नव्हताच. आइल आला लॅटिन 'इन्सुला' म्हणजे बेट, त्यापासून, फ्रेंचमधून. दोन्ही एक समजून लोकांनी आयलंडमध्ये तो न बोलला जाणारा 'एस' घुसवला. पेनिन्सुला हे आइलचं नातलग. इन्सुलिनसुद्धा, कारण ते स्वादुपिंडातल्या बेटांसारख्या पेशीसमूहांत तयार होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात आधी माझी चूक सांगितली, वह्यांत दुरुस्त करून घेतली. चुकीचं पाठ झालेलं पुसणं किती अवघड असतं, ते शिकवणाऱ्याला विचारा. ॲपला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. आता मी ते उघडतसुद्धा नाही, आणि कोणतीही व्युत्पत्ती दोन कोशांत जुळल्याशिवाय फळ्यावर लिहीत नाही.

कोश एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा तर आणखी मजा येते. इंग्रजी 'मंगूस' आपल्या मुंगसावरून गेला हे ऐकून मुलं हरखली होती. पण काही कोश मराठीवर थांबतात, काही त्याच्याही मागे द्राविडी मूळ असावं म्हणतात. मग मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश उघडला. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर खुला ठेवला आहे आणि देवनागरीत शोधता येतो. मराठी बाजू तपासायला मी तोच वापरते. 'मंगूस'चं अनेकवचन 'मंगूसेस', हंसाच्या 'गूस'सारखं 'गीस' नाही, एवढं मात्र मुलांनी स्वतःच ओळखलं : दोघांचं कूळच वेगळं.

सहावी-सातवीच्या मुलाला थेट एटिमॉनलाइन देऊ नका, त्यातलं इंग्रजी जड आहे. आधी ऑक्सफर्ड, आणि शेजारी बसणारं मोठं कुणीतरी. दहावीच्या पुढे तिन्ही. माझ्याकडे आता कुळांची एक दोनशे पानी वही भरत आली आहे, आणि जूनमध्ये आठवीचा वर्ग सुरू करताना पहिला शब्द जंक्शनच घेणार आहे.